विनंती थांबा

एसटीचे थांबे दोन प्रकारचे. एक साधा थांबा, तिथं गाडी थांबतेच. दुसरा विनंती थांबा, तिथं हात करावा लागतो आणि तरीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. आमच्या हरिहरेश्वरात तिसरा प्रकार आहे. तो पंचा नेसून स्वतःच्या ओटीवर बसतो आणि कुणी हात केला नाही तरी सगळ्यांना थांबवतो. गावातल्या पोरांनी त्याचं नाव 'विनंती थांबा' ठेवलंय. मी मात्र काका म्हणतो, कारण आमच्या दोन घरांमध्ये एक गडगा काय तो आहे आणि त्यांच्या पोफळीच्या सुपाऱ्या माझ्या वाडीत पडतात.

काकांचं प्रत्येक वाक्य 'थांब'पासून सुरू होतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की, "थांब, दुसरीच असेल." पाऊस उघडला की, "थांब, दम खातोय तो." माझ्या खाणावळीतले पाहुणे देवदर्शन करून प्रदक्षिणेला निघाले की काका गडग्यापाशी येऊन उभे राहतात. ही प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवती पाच फेऱ्या नव्हेत. ती देवळामागून पायऱ्या चढून डोंगराच्या चिंचोळ्या खिंडीतून उतरते ती थेट समुद्राच्या खडकांवर, आणि ओहोटी असेल तरच करायची. तशी पाटीही आहे. पण पुण्याहून गाडी हाणत आलेला माणूस पाटी वाचत नाही, तो फोटो काढतो. मग काका विचारतात, "आज तिथी काय?" पाहुण्याला वारसुद्धा आठवत नसतो. काका बोटं मोजतात. तिथीला पाऊण पटीनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीनला भरती. "आत्ता अडीच वाजलेत. थांबा. जेवा, झोपा, आठ-नऊला पुरती ओहोटी होईल." "पण काका, आठला अंधार असेल!" "मग उद्या सकाळी." पाहुणे कुरकुरतात आणि थांबतात. माझ्याकडे एक मुक्काम वाढतो. त्यामुळे काकांच्या थांबण्याबद्दल मी उघडपणे वाईट बोलत नाही.

हा स्वभाव त्यांना जन्मतः मिळालेला नाही. तो त्यांना लागला, विजेसारखा. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काकांनी तीस वर्षं काढली. (त्या रस्त्याला डॉ. भडकमकर मार्ग हे नाव मिळून जमाना लोटला, पण तिथं कंडेन्सर घ्यायला जाणारा माणूस आजही लॅमिंग्टन रोडलाच जातो.) ते व्हॉल्व्हचे दिवस. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ मध्ये आपल्याकडे रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, आणि काका दोनेक वर्षांनी दुकानात लागले. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका बंद सेटमध्ये हात घातला. स्विच बंद होता. पिन काढून बाजूला ठेवली होती. तरी हात घातल्याबरोबर काका मागच्या फळीवर जाऊन आदळले आणि फळीवरचे चार सेट त्यांच्यावर. बंद सेटमधल्या कंडेन्सरनं तीनशे व्होल्ट पोटात धरून ठेवले होते. "सेट बंद होता रे," हे काका आजही साठ वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात सांगतात. "पिन काढलेली होती!" त्या दिवसापासून त्यांचा बंद या शब्दावरचा विश्वास उडाला, आणि चालू या शब्दावर तर कधी बसलाच नाही.

काकांच्या मते रेडिओ मेकॅनिकच्या जाती दोनच, थापटणारे आणि मोजणारे. थापटणारा सेटला वरून एक देतो, सेट गाऊ लागतो, तो दहा रुपये घेतो. मोजणारा आधी मीटर लावतो, वहीत आकडे लिहितो, गिऱ्हाइकाला परवा बोलावतो. काका मोजणारे. दुकान थापटणाऱ्यांवर चाललं, हे काकूंचं मत.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो त्या ॲम्प्लिफायरकडे येतो. काकांनी ऐन विशीत गावच्या भजनी मंडळासाठी तो स्वतःच्या हातानं बांधला. इंग्लंडच्या मलार्ड कंपनीनं हौशी लोकांसाठी छापलेलं 'फाइव्ह-टेन' नावाचं सर्किट होतं, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट. ईएफ ८६, ईसीसी ८३, जोडीनं बसणारे दोन ईएल ८४ आणि वीज सरळ करून देणारा ईझेड ८१. ही नावं काका अशी घेतात की ऐकणाऱ्याला वाटावं पाच पांडवांची वंशावळ चालली आहे. त्या ॲम्पवर बरीच वर्षं सप्ताह झाले, शिमग्याला पालखीच्या सूचना झाल्या. मग ट्रान्झिस्टरचे हलके ॲम्प आले, मंडळानं तो काकांना परत केला आणि काकांनी माळ्यावर ठेवला. "थांब, लागेल कधीतरी."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं. त्या दुपारबद्दल इथला माणूस अजून फारसं बोलत नाही. पिढ्यांनी लावलेल्या पोफळी काही तासांत काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या पडल्या. आमची कौलं गेली, काकांची कौलं गेली, आणि माळ्यावरचा ॲम्प दोन दिवस पावसाच्या पाण्यात डुंबत राहिला. तो खाली काढला तेव्हा एका ईएल ८४ चा माथा दुधासारखा पांढरा झाला होता. व्हॉल्व्हच्या माथ्यावर आतून चंदेरी मुलामा असतो, उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी. काचेला तडा जाऊन बाहेरची हवा शिरली की तो पांढरा पडतो. "गेला," काका म्हणाले. त्या आठवड्यात गावात इतकं काही गेलं होतं की कोण म्हणून कुणी विचारलं नाही. तो पांढरा व्हॉल्व्ह काकूंनी त्या वर्षी गणपतीच्या मखरात लावला. छान दिसला.

लाइट कितीतरी दिवस नव्हते. दुसरा कुणी हताश झाला असता. काका खुशीत होते, कारण लाइट नाहीत म्हणजे ॲम्प चालू करून बघ असं म्हणायची कुणाची सोय नाही. त्यांनी तो खिळा न् खिळा सुटा केला. चासीचा गंज खरवडला. ट्रान्सफॉर्मरमध्ये पाणी मुरलेलं, तो चुलीवरच्या फळीवर काकूंच्या आमसुलांशेजारी पंधरा दिवस वाळवला. त्या वर्षीच्या सोलकढीला वॉर्निशचा किंचित वास होता असं मला वाटतं. काका म्हणतात, वाटतं म्हणजे मोजलेलं नाही. चासीच्या तांब्याच्या पट्ट्या काकू आमसूल लावून घासायला निघाल्या तेव्हा मात्र ते माजघरातून ओरडत आले, "थांब! आम्ल!" कंडेन्सर सगळे नवे, रेझिस्टन्स एकेक मोजून, ईएल ८४ ची नवी जोडी भाच्यानं मागवून दिली, स्लोव्हाकियात बनलेली. अशी तीन वर्षं गेली. इतक्या वेळात गावात नव्या पोफळी कमरेएवढ्या झाल्या.

आणि मग ॲम्प तयार झाला. ही काकांच्या दृष्टीनं फारच अडचणीची गोष्ट होती, कारण आता तो चालू करणं आलं.

नव्यानं बांधलेला व्हॉल्व्ह ॲम्प पहिल्यांदा चालू करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आत कुठं चुकून दोन तारा चिकटल्या असतील तर क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तीन वर्षांचा धूर होतो. म्हणून मध्ये एक बल्ब सिरीजमध्ये लावायचा. आत घोटाळा असेल तर सगळी वीज बल्ब खातो, तो भक्क पेटतो, ॲम्प वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब आधी उजळतो आणि मग मंदावतो. युक्ती मेकॅनिकच्या आज्याच्या वेळची आहे आणि अजून तिला तोड नाही. पण बल्ब पाहिजे जुना, पिवळा, तारेचा, साठ नाहीतर शंभरचा. एलईडी चालत नाही, त्याच्या पोटात स्वतःचंच सर्किट असतं, तो दुसऱ्याचा भार काय वाहणार! आता आजच्या दिवशी तारेचा बल्ब मिळवून दाखवा. श्रीवर्धनला नाही. म्हसळ्याला दुकानदार हसला. शेवटी तो मिळाला एका पोल्ट्रीवाल्याकडे, कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला टांगलेला. त्यानं दिला, पण परत आणून द्या म्हणाला.

बल्ब आल्यावर मुहूर्त निघाला आणि हुकला. शनिवार-रविवार बाद, कारण पर्यटक येतात, घरोघर एसी लागतात आणि व्होल्टेज बसतं. सोमवारी हवा दमट. मंगळवारी लाइट गेले. मग काकांना अर्थिंगची शंका आली. आमच्याकडे खाली सगळा जांभा, त्यात अर्थिंग धरता धरत नाही. त्यांनी खड्डा पुन्हा उकरून कोळसा आणि मीठ भरलं, आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतू लागले. काकूंनी आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी त्यांनी खड्ड्यापाशी एक पणती लावून ठेवली. काका समजले. गुरुवार ठरला.

गुरुवारी ओटीवर बरीच मंडळी जमली. ॲम्प पाटावर, चासी उताणी, म्हणजे आतडी दिसावीत. काका स्वतः दुसऱ्या पाटावर, पायात रबरी चपला. घरात चपला, तेही देवघरासमोर, हे काकूंनी पहिल्यांदाच खपवून घेतलं. उच्च दाबाच्या कामाचा नियम असा की एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे दोन्ही हातांतून, छातीमधून वीज जायला वाट राहत नाही. पंच्याला खिसा नसतो. काकांनी डावा हात मागे कडोसरीला खोवला. त्यामुळे ते एकाच वेळी शास्त्रज्ञ आणि कंबर धरलेले गृहस्थ असे दिसत होते. आवाजासाठी एक मोडका स्पीकर जोडला होता, कारण चांगला स्पीकर पहिल्या दिवशी पणाला लावायचा नाही, पण स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प चालवायचाही नाही, त्यानं आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. माझ्या हातात त्यांनी बांबूची वाळकी काठी दिली.

"ही कशाला?"

"मी चिकटलो तर मला हात लावायचा नाही. काठीनं ढकलायचं."

"आणि नाही सुटलात तर?"

"जोरात मारायचं."

"ती काठी इकडे द्या," काकू म्हणाल्या. "मी मारते."

पण काकूंकडे मेन स्विच होता. गुरुजींनी नारळ आणला होता. काका म्हणाले, हळद-कुंकू चासीला बाहेरून, पाणी शिंपडायचं नाही, नारळ अंगणात फोडायचा. गुरुजींनी अंगणात जाऊन लांबूनच नमस्कार केला.

स्विच पडला. बल्ब पिवळाधमक पेटला. मी काठी उचलली. "थांब," काका म्हणाले, आणि मला पहिल्यांदा कळलं की या शब्दातही प्रेम असू शकतं. थंड व्हॉल्व्ह सुरुवातीला जास्त वीज ओढतात. बघता बघता बल्ब मंदावला. मग पाच काचांच्या पोटात पाच नारिंगी ठिणग्या जाग्या झाल्या, कातरवेळी समईच्या वाती दिसाव्यात तशा. थोड्या वेळानं ईझेड ८१ तापला, त्यानं पुढं उच्च दाब सोडला आणि बल्ब पुन्हा जरासा उजळून स्थिरावला. काकांनी उजव्या हातानं मीटरची काडी टेकवली. मी वहीत आकडे लिहीत होतो. ईएल ८४ च्या कॅथोडवर साधारण दहा व्होल्ट यायला हवेत, पण बल्ब मध्ये असल्यामुळे कमीच येणार, तेवढे आले. प्लेट लाल झालेली नाही. धूर नाही. वास नाही, म्हणजे आमसुलांचा सोडून.

इथपर्यंत पोचायला दोन तास लागले. निम्मी मंडळी घरी गेली होती. मग काकांनी बल्ब काढला आणि ॲम्प सरळ लाइटवर लावला.

व्हॉल्व्ह तापायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ शांतता होती. नंतर जे झालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. सगळ्या कोल्ह्यांनी एकाच कोल्ह्याच्या नरड्यातून ओरडावं तसं काहीतरी. पाटावरचं भांडं थरथरलं. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग गप्प झाली, मग पळाली. माझ्याकडचे दोन पाहुणे टॉवेल गुंडाळून अंगणात आले आणि सुनामीचा भोंगा आहे का विचारू लागले. एका आजीबाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. काकूंनी मेन स्विच खाली ओढला, लाइट गेले, आणि अंधारात तो आवाज हळूहळू विरत, एखाद्या अपमान झालेल्या माणसासारखा बारीक होत बंद झाला.

"झालं का चालू?" गुरुजींनी अंगणातून विचारलं.

आता इथं थोडं थांबायला हवं. (काकांच्या शेजारी राहून हे माझ्याही अंगवळणी पडलंय.) काकांना एक गोष्ट फार आवडते आणि ती ते ऐकणाऱ्याला न विचारता सांगतात. न्यूयॉर्कला हडसन नदीवर फेरीबोट चालते. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हॅरल्ड ब्लॅक नावाचा बेल प्रयोगशाळेतला तरुण इंजिनिअर त्या फेरीतून कामावर चालला होता. टेलिफोनचे ॲम्प्लिफायर आवाज वाढवताना तो बिघडवतात, यावर तो काही वर्षं डोकं फोडत होता. त्या सकाळी पाण्यावर त्याला सुचलं. त्यानं हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोऱ्या पानावर आकृती काढली. बाहेर येणाऱ्या आवाजातला थोडा हिस्सा उलटा करून परत आत पाठवायचा. आवाज जरा कमी होतो, पण बिघाड त्याच्याबरोबर कमी होतो. हा निगेटिव्ह फीडबॅक.

हे तत्त्व समजायला मला हडसनवर जावं लागलं नाही. काका जे बोलतात त्यातलं थोडं उलटं करून काकू परत पाठवतात, म्हणून त्या घरातला आवाज माफक आणि स्वच्छ राहतो. आता समजा एके सकाळपासून काकू काकांच्या प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर" म्हणू लागल्या, तर? काका आणखी बोलतील, त्या आणखी बरोबर म्हणतील, आणि दुपारपर्यंत गावात कोल्हेकुई होईल. ॲम्पचं तेच झालं होतं. परत येणारा आवाज उलटा होऊन यायच्या ऐवजी सुलटाच येत होता. दोन ईएल ८४ च्या प्लेटकडे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा जातात, त्यांची अदलाबदल झाली की झालं. नव्या बांधलेल्या ॲम्पनं पहिल्या दिवशी शिट्टी मारली तर पहिला संशय तिथं घ्यायचा.

हे मला कसं ठाऊक? काकांच्या वहीतून. 'शिट्टी मारत असल्यास' असं लाल शाईतलं पान, आणि त्यावर पहिली ओळ: 'आउटपुटच्या तारा उलट्या.' मी ते वाचून दाखवलं.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते मी शिकाऊ पोरांसाठी लिहिलं होतं."

पुढचे नऊ दिवस काकांनी पहिली ओळ सोडून सगळ्या ओळी तपासल्या. त्यांची मोजणी तोपर्यंत जगजाहीर होती, तिला आता धार चढली. रोज आधी बंद, मग बंदची खात्री, मग रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करणं (स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे ते थापटणारे), मग पुन्हा मीटरनं शून्य बघणं, मग हात. काकूंच्या विणकामाच्या लाकडी सुईनं एकेक जोड टोचून कच्चा डाक शोधला. हीटरच्या तारा पुन्हा पिळल्या. ईसीसी ८३ बदलून पाहिला. स्पीकर बदलला, म्हणजे आता दुसऱ्या आवाजाची कोल्हेकुई ऐकू येऊ लागली. रोज संध्याकाळी एकदा, मोजून पाच सेकंद. माझ्या पाहुण्यांनी ती सूर्यास्ताची इथली प्रथा धरून घेतली. एकानं तर विचारलं की उद्या किती वाजता आहे.

दहाव्या दिवशी काका फेरीत जाऊन बसले. बागमांडल्याहून वेसवीला सावित्रीच्या मुखावरून फेरी जाते, गाड्या, माणसं, कोंबड्या सगळं घेऊन, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. "ब्लॅकला हडसनवर सुचलं," काका म्हणाले, "मला सावित्रीवर सुचेल." बरोबर त्यांनी वर्तमानपत्रही घेतलं. पण आपल्या वर्तमानपत्रात कोरं पान कुठून येणार, सगळीकडे जाहिराती. तीन खेपा झाल्या. पलीकडे बाणकोटचा डोंगर दिसतो, अलीकडे आमचा, मध्ये काका. तिसऱ्या खेपेला तिकीटवाल्यानं त्यांना विचारलं, "काका, उतरायचं कुठं आहे?" काका म्हणाले, "थांब." संध्याकाळी परत आले ते मळमळ घेऊन. तिकिटाच्या पाठीवर काही नव्हतं.

काकू ओटीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. श्रीवर्धनी रोठा, कातरताना आवाजसुद्धा गोड येतो. त्यांनी काकांना लिंबूसरबत दिलं आणि सुपारीवरची नजर न काढता विचारलं, "त्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा होत्या ना, वादळानंतर मी फळीवर वाळत घातलेल्या. एक निळी होती, एक तपकिरी."

"बरं मग?"

"पाण्यानं दोन्हींचा रंग गेला होता. दोन्ही चहासारख्या. मग कुठली कुठं लावायची हे तुम्ही कसं ठरवलंत?"

अडकित्ता चालू होता. मी गडग्यापलीकडे नारळ सोलत होतो तो थांबलो. काका सरबताच्या तळाशी साखर शोधत होते.

"अंदाजानं," ते म्हणाले.

साठ वर्षांत पहिल्यांदा. पेल्यात मावेल एवढ्या आवाजात म्हणाले, पण तो शब्द गावात संध्याकाळच्या आरतीपूर्वी पोचला. पोहोचवणारा मी नव्हतो असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

दोन तारा काढून अदलाबदल करायला काकांना सात मिनिटं लागली. त्याआधी बंदची खात्री करायला वीस. या वेळी मंडळींना बोलावलं नव्हतं म्हणून दुप्पट आली होती. पोल्ट्रीवालाही बल्ब परत न्यायला आला तो बसला. बल्ब उजळला, मंदावला, काढला. ॲम्प सरळ लाइटवर. सगळ्यांनी कानांत बोटं घातली.

काही नाही.

आम्ही बोटं काढली. तरी काही नाही. नारिंगी वाती शांत पेटलेल्या. पोल्ट्रीवाला हळहळून म्हणाला, "गेला वाटतं." गुरुजी अंगणातून म्हणाले, "ईश्वरेच्छा."

काका मात्र स्पीकरवर कान ठेवून, डोळे मिटून बसले होते. "चालू आहे," ते पुटपुटले.

"मग ऐकू का येत नाही?"

"चालू आहे म्हणून!"

हे कुणालाच पटलं नाही. तेव्हा त्यांनी इनपुटच्या तारेला नुसतं बोट लावलं आणि स्पीकरमधून घुर्र असा घसा साफ केल्यासारखा आवाज निघाला. बोट काढलं, पुन्हा नीरव. टाळ्या पडल्या. मग चांगला स्पीकर आला, धूळ पुसून तबकडीचं यंत्र आलं, आणि काकूंनी माजघरातून गीतरामायणाची रेकॉर्ड आणली. १९५५ च्या एक एप्रिलला पुणे आकाशवाणीवर हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा काकू जन्मल्याही नव्हत्या, पण त्यांच्या आईनं रेडिओला हार घालून तो ऐकला होता, ही त्यांच्या माहेरची कथा. बाबूजींचा आवाज ओटीवर भरला. ॲम्प दहाच वॉटचा, पण असा आवाज की गाणारा आपल्याच पाटावर येऊन बसलाय. पोल्ट्रीवाल्यानं बल्ब मांडीवर ठेवून दिला. काकूंचा अडकित्ता थांबला होता. गुरुजी अंगणातून ओटीच्या पायरीपर्यंत आले.

काका गाणं ऐकत नव्हते. त्यांनी एक तळहात ट्रान्सफॉर्मरवर ठेवला होता, ताप बघायला, डावा हात अजून कडोसरीत, आणि मान वाकडी करून कशाचा तरी वेध घेत होते. रेकॉर्डची बाजू संपली. सुई उचलली. सगळे काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा. मागं हम् आहे."

आम्ही कान दिले. होता. खोल, सारखा, थोडा वरखाली होणारा.

"शंभर हर्ट्झचा नसेल ना? फिल्टरचा कंडेन्सर..." काकांचा चेहरा उजळला होता. त्यांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. हम् तसाच. ईसीसी ८३ उपसून काढला. तसाच. शेवटी त्यांनी स्विच बंद केला, पिन काढली, वाती विझेपर्यंत थांबले, मीटर लावून शून्य पाहिलं आणि पुन्हा कान लावला.

तसाच.

काकूंनी उठून समुद्राकडची खिडकी लावून घेतली. आवाज कमी झाला. त्यांनी ती उघडली. वाढला. परत लावली.

काका पाटावरून उतरले, चपला काढल्या, माझ्याकडून वही मागून घेतली आणि जरा खट्टू होऊन तारखेपुढं लिहिलं: 'हम् नाही. गाज.'